पडवीत बसून कोणतं व्हिस्की कॉकटेल प्यावं?

प्रश्न असा आहे. गुहागरजवळच्या घरी मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आठ-दहा मोठी माणसं जमणार आहेत. घरात तीन बाटल्या आहेत: एक बर्बन (मक्याची अमेरिकन व्हिस्की), एक भारतीय ब्लेंडेड व्हिस्की आणि कुणीतरी भेट दिलेली पीटेड, म्हणजे धुरकट वासाची, सिंगल मॉल्ट. फ्रीज एकच, एसी फक्त आतल्या खोलीत आणि बैठक पडवीत. ओल्ड फॅशन्ड, मॅनहॅटन आणि व्हिस्की सावर यांत नेमका फरक काय, आणि यातलं कोणतं करावं?

उत्तर आधीच सांगून टाकतो. पडवीत व्हिस्की सावर, नाहीतर हायबॉल, म्हणजे सोडा घातलेली व्हिस्की. ओल्ड फॅशन्ड जेवणानंतर, छोटं, बाटलीत आधीच गार करून ठेवलेलं. मॅनहॅटन एसीच्या खोलीत, तेही त्यात लागणाऱ्या वर्मूथ या मुरवलेल्या वाइनची बाटली नुकती फोडलेली असेल तरच. या निवडीत नावाला किंवा प्रतिष्ठेला काही स्थान नाही. किनाऱ्यावर कॉकटेलचं भवितव्य ग्लासाच्या बाहेरच्या बाजूला ठरतं.

गार ग्लास पडवीत आणला की दोन मिनिटांत त्याला घाम सुटतो. आपण तो पुसतो आणि विसरतो, पण खरी गडबड तिथेच होते. हवेतली वाफ काचेवर पाणी होऊन बसते तेव्हा ती आपली उष्णता ग्लासात सोडून जाते. एक ग्रॅम वाफेचं पाणी होताना सुमारे २,४०० ज्यूल उष्णता बाहेर पडते. एक ग्रॅम बर्फ वितळायला ३३४ ज्यूल पुरतात. म्हणजे ग्लासावर एक ग्रॅम दव जमलं की आतला जवळपास सात ग्रॅम बर्फ गेला. पुण्याच्या कोरड्या उन्हाळ्यात पारा जास्त चढतो, तरी तिथे बर्फ इथल्यापेक्षा जास्त टिकतो, त्यामागे हेच आहे. परदेशी व्हिडिओत ओल्ड फॅशन्ड अर्धा-पाऊण तास चाखत बसलेली माणसं दिसतात. मे महिन्यात गुहागरला तसं बसलात तर शेवटचे चार घोट म्हणजे व्हिस्कीचा वास मारणारं सरबत. यावर उपाय साधेच आहेत: जाड बुडाचा किंवा दुहेरी भिंतीचा ग्लास घ्या, एका वेळी कमी ओता, आणि जे पेय पातळ झालं तरी बिघडत नाही ते निवडा.

आता बर्फ. आपल्याकडच्या फ्रीजरमध्ये सुरमईच्या तुकड्या असतात, सोललेली कोळंबी असते, कधी जवळ्याची पुडीही असते. उघड्या ट्रेमधला बर्फ हे सगळे वास पिऊन घेतो. बर्फाचा एक खडा तोंडात टाकून बघा. बांगड्याची आठवण आली तर तो बर्फ कॉकटेलला चालणार नाही, सरबतालाही नाही. ट्रे धुवा, उकळून गार केलेलं पाणी भरा, आणि बर्फ झाला की झाकणाच्या डब्यात किंवा झिपच्या पिशवीत काढून ठेवा. आठ-दहा माणसांना एका संध्याकाळी निदान पाच-सहा किलो बर्फ लागतो. तेवढा एका फ्रीजमध्ये होणार नाही, म्हणून दोन दिवस आधीपासून साठवायला लागा. बंदरावरून लादी उचलून आणायचा मोह टाळा. ती मासळीसाठी असते. महाराष्ट्रात २०१८ पासून न खाण्याच्या बर्फात निळा रंग घालायचा नियम आहे. पण रंग दिसला नाही म्हणून लादी पिण्यालायक ठरत नाही. खाण्याचा बर्फ बंद पिशवीतलाच घ्या.

ओल्ड फॅशन्डसाठी मोठा खडा हवा. साधारण पाच सेंटिमीटर लांबी, रुंदी आणि उंचीचा खडा ११५ ग्रॅमच्या आसपास भरतो. तेवढ्याच वजनाच्या लहान खड्यांपेक्षा त्याचा पृष्ठभाग खूप कमी, त्यामुळे तो हळू वितळतो. काचेसारखा नितळ हवा असेल तर थर्माकोलची छोटी पेटी पाण्याने भरून झाकण न लावता फ्रीजरमध्ये ठेवा. थंडी फक्त वरून लागते, बर्फ वरून खाली धरत जातो आणि हवेचे बुडबुडे तळाकडे ढकलले जातात. अठरा-वीस तासांनी, तळ पूर्ण गोठायच्या आत बाहेर काढा, खालचा पांढुरका भाग काढून टाका आणि दातेरी सुरीने खाच पाडून वरचे तुकडे करा. सुरीच्या पाठीवर लाटण्याचा हलका ठोका दिला की सरळ फुटतो. पण पेटीभर मासळी बाहेर काढून हा उद्योग करायचा का, हे घरच्यांना विचारून ठरवा.

तिघांतला फरक आता पाहू. १८०६ साली न्यूयॉर्क राज्यातल्या हडसन गावच्या एका वृत्तपत्राने ‘कॉकटेल’ची व्याख्या छापली होती: मद्य, साखर, पाणी आणि बिटर्स (कडू वनस्पतींचा मद्यातला अर्क). ओल्ड फॅशन्ड म्हणजे नेमकं तेच, म्हणून तर नाव ‘जुन्या पद्धतीचं’. त्यात व्हिस्कीला लपायला जागा नाही. मॅनहॅटनमध्ये साखरेची जागा गोड लाल वर्मूथ घेतं, म्हणजे वनस्पती घालून मुरवलेली, थोडं मद्य मिसळून तीव्र केलेली वाइन. सावरमध्ये आंबट येतं, आणि त्याबरोबर सगळा तोल बदलतो. ६० मिली व्हिस्की ४२.८ टक्क्यांची धरली तर बर्फाचं पाणी मिसळल्यावर ग्लासातलं ओल्ड फॅशन्ड २९ टक्क्यांच्या आसपास, मॅनहॅटन २६-२७, सावर १८, आणि ४५ मिलीचा हायबॉल जेमतेम १०. तिसावरून पंचविसावर घसरलं की ओल्ड फॅशन्ड मिळमिळीत लागतं. दहावरून आठावर आलेला हायबॉल बऱ्याच जणांना जाणवतही नाही. दमट हवेत काय निवडायचं, ते या आकड्यांतच आहे.

ओल्ड फॅशन्ड दिसायला सोपं आणि बिघडवायला त्याहून सोपं. ६० मिली बर्बन, ७ मिली साखरेचा पाक, अँगोस्टुरा बिटर्सचे दोन डॅश, म्हणजे बाटलीचे दोन झटके. दाणेदार साखर थेट व्हिस्कीत ढवळू नका. मद्यात ती फारशी विरघळत नाही, तळाशी कचकच राहते आणि शेवटचा घोट गुळमट होतो. पाक म्हणजे २०० ग्रॅम साखर आणि २०० मिली पाणी, साखर विरघळेपर्यंत कोमट करायचं, उकळायचं नाही. त्याचा सव्वातीनशे मिली पाक होतो आणि फ्रीजमध्ये दोन-तीन आठवडे टिकतो. ढवळायचं वेगळ्या ग्लासात, नेहमीचे लहान खडे वरपर्यंत भरून. लांब चमच्याची पाठ काचेला टेकवून गोल फिरवा, बर्फ आपटू देऊ नका. सुरुवातीला पाक आणि व्हिस्की एकमेकांत तेलासारख्या तारा काढताना दिसतात. पंधरा-वीस सेकंदांत त्या नाहीशा होतात, पण तिथे थांबू नका. आणखी दहा सेकंद फिरवा, ग्लास हाताला बोचेल इतका गार झाला पाहिजे. मग मोठ्या खड्यावर गाळून घ्या.

संत्र्याची साल वर ठेवतात ती शोभेला नव्हे. अंगठ्याएवढा तुकडा घ्या, आतला पांढरा भाग शक्य तितका खरवडून काढा, रंगीत बाजू पेयाकडे धरून एकदाच चिमटा. तिरप्या उजेडात बघितलंत तर तेलाचे बारीक तुषार उडताना दिसतील आणि पृष्ठभागावर चमकदार तवंग पसरेल. पहिल्या घोटाचा अर्धा स्वाद तिथून येतो. संत्र्यांचा हंगाम मे महिन्यात संपलेला असतो, तेव्हा मोसंबीची साल घ्या. मेण चोळलेलं फळ असेल तर आधी कोमट पाण्याने घासून धुवा. कागदी लिंबाची साल इथे नको. ती पातळ, कडू, आणि तिचा वास व्हिस्कीला भांडी घासायच्या साबणाकडे नेतो.

बिटर्सशिवाय ओल्ड फॅशन्ड होत नाही, होते ती गोड व्हिस्की. बाटली शहरातून येणाऱ्या पाहुण्याला आणायला सांगा. एक डॅश एक मिलीपेक्षाही कमी असतो, त्यामुळे २०० मिलीची बाटली सहज वर्षभर जाते. नाहीच मिळाली तर घरगुती तोड आहे. अँगोस्टुराचा कडवटपणा जेन्शियन नावाच्या मुळाचा, आणि आपलं काडेचिराईत त्याच वनस्पतीकुळातलं. १०० मिली साध्या व्होडकात दोन ग्रॅम काडेचिराईत, बोटभर दालचिनी, चार लवंगा, जायफळाचा वाटाण्याएवढा तुकडा आणि अर्ध्या संत्र्याची वाळलेली साल घाला. चिराईत दुसऱ्याच दिवशी काढून टाका, नाहीतर बाकी सगळं झाकून फक्त काढा उरतो. मसाला आणखी चार दिवस मुरू द्या आणि फडक्यातून गाळा. हे अँगोस्टुरा नव्हे, पण त्याचं काम करतं. एका ग्लासाला पाच-सहा थेंब पुरेत. दालचिनी आणि जायफळ बागेतलं असेल तर उत्तमच, दापोलीच्या कृषी विद्यापीठाने या दोन्हींच्या खास कोकणासाठी जाती काढलेल्या आहेत.

तीन बाटल्यांचं काय करायचं? बर्बनमध्ये निदान ५१ टक्के मका असतो आणि ती आतून जाळलेल्या कोऱ्या ओकच्या पिंपात मुरते. त्यामुळे व्हॅनिला, कॅरॅमल आणि नीट लक्ष दिलं तर सुक्या खोबऱ्यासारखा वास येतो. हा वास अमेरिकन ओकच्या लाकडातून येतो. ओल्ड फॅशन्ड, सावर, पुदिन्याचं जुलेप तिन्हींना ती चालते. आपल्याकडच्या बहुतेक स्वस्त ब्लेंडेड व्हिस्क्यांमध्ये मळीपासूनचं तटस्थ (स्वतःची चव-वास नसलेलं) स्पिरिट आणि थोडी मॉल्ट असते. त्यात वाईट काही नाही, पण अंग हलकं. ओल्ड फॅशन्डमध्ये तिचं हलकेपण उघडं पडतं आणि साखरच पुढे येते. हायबॉल आणि सावर यांत मात्र ती छान बसते, तिथे बर्बन खर्ची घालायची गरज नाही. पीटेड मॉल्ट कॉकटेलचा आधार म्हणून वापरू नका. नुसती पाच मिली वरून ओता, तेवढ्याने पडवीभर चुलीच्या धुराचा वास येतो. भारतीय सिंगल मॉल्टचा विचार असेल तर गोव्यात तयार होणारी पॉल जॉन किंवा बंगळूरची अमृत या ओल्ड फॅशन्डला उत्तम. उष्ण हवेत पिंपातली व्हिस्की झपाट्याने मुरते आणि स्कॉटलंडच्या कितीतरी पट उडूनही जाते. त्यामुळे कमी वर्षांतही लाकूड ठळक लागतं. या बाटल्यांवरचा टक्क्यांचा आकडा वाचा. अमृत फ्यूजन ५० टक्क्यांची आहे. तिथे ६० मिली नको, ४५ पुरे.

गोव्यात स्वस्त मिळते म्हणून येताना बाटल्या भरून आणायचा बेत असेल तर सोडून द्या. परवान्याशिवाय गोव्याची दारू महाराष्ट्रात आणणं गुन्हा आहे आणि बांद्याजवळ इन्सुलीच्या नाक्यावर गाड्या तपासल्या जातात. महाराष्ट्रात व्हिस्कीसाठी वयाची अट २५ आहे आणि पिण्याचा परवानाही लागतो. पोरासोरांच्या हातात ग्लास देऊ नका, भाचा कितीही मोठा दिसला तरी.

आता सावर, कारण मे महिन्याचं खरं पेय तेच. परदेशी कृतीत पिवळं मोठं लेमन असतं, आपल्याकडे कागदी लिंबू. दोघांची आंबटी जवळपास सारखी, पण कागदी लिंबाचा वास धारदार आणि मागे थोडा कडवट. कृतीतला ३० मिली लेमनचा आकडा तसाच उचलला तर व्हिस्की नाहीशी होते. ६० मिली व्हिस्की, २० मिली लिंबाचा रस, २० मिली पाक इथून सुरुवात करा. रसातले पाच मिली कमी करून तेवढाच मोसंबीचा रस घातला तर लिंबाची धार बोथट होते. बर्बनबरोबर हा फरक लगेच कळतो. एका लिंबाचा साधारण १२ ते १८ मिली रस निघतो, म्हणजे माणशी दीड लिंबू धरा. रस आयत्या वेळी काढा. सकाळी काढून ठेवलेला रस संध्याकाळपर्यंत कडवट होतो. लोखंडी चिमट्यात लिंबू जीव खाऊन पिळू नका, सालीचा कडूपणा उतरतो.

वरचा फेस हवा असेल तर एका ग्लासाला १५ मिली अंड्याचा पांढरा बलक, म्हणजे साधारण अर्ध्या अंड्याचा. आधी बर्फ न घालता दहा-बारा सेकंद हलवा. झाकण घट्ट दाबून धरा, बर्फ नसल्यामुळे आत पोकळी धरत नाही आणि झाकण उडतं. मग बर्फ घालून आणखी बारा-पंधरा सेकंद जोरात. शेकर नसेल तर घट्ट फिरकीच्या झाकणाची काचेची बरणी चालते. बर्फ घालण्याआधी त्यावर सुटलेलं पाणी झटकून टाका. ओला बर्फ म्हणजे फुकटचं पाणी. शेवटी चहाच्या गाळणीतून गाळा, म्हणजे बर्फाचा चुरा वर येत नाही. फेसावर बिटर्सचे दोन थेंब टाकायचे ते नक्षीसाठी कमी आणि कच्च्या अंड्याचा उग्र वास झाकायला जास्त. अंडं त्याच दिवसाचं, फ्रीजमधलं. उकाड्यात बाहेर राहिलेल्या अंड्यावर धोका पत्करू नका, आणि गरोदर बाई किंवा आजारी माणूस असेल तर अंडं वगळाच. शाकाहाऱ्यांसाठी मीठ न घालता शिजवलेल्या काबुली चण्यांचं दाट पाणी २५ मिली घेतलं तर फेस जवळपास तसाच येतो, वासही नाही. ते शिजवतानाच आटवून अंड्याच्या पांढऱ्या बलकाइतकं चिकट करून घ्या.

पाकाऐवजी गूळ घालावा का, असं बरेच जण विचारतात. घाला, पण बर्बनबरोबर. १०० ग्रॅम गूळ ७० मिली पाण्यात विरघळवून फडक्यातून गाळा. गडद गुळाला खारट झाक असते. हलक्या ब्लेंडमध्ये तोच पुढे येतो आणि व्हिस्की मागच्या मागे जाते. काकवीचंही तसंच.

मॅनहॅटनबद्दल माझं मत थोडं कडक आहे. ६० मिली व्हिस्की, ३० मिली गोड वर्मूथ, दोन डॅश बिटर्स, तीस सेकंद ढवळून गार ग्लासात गाळलेलं, आत बर्फ नाही. तिथेच पडवीचा निकाल लागतो: आत बर्फ नसलेलं पेय या हवेत दहा मिनिटांत कोमट होतं, आणि कोमट मॅनहॅटन खोकल्याच्या औषधासारखं लागतं. मूळ कृती राय नावाच्या धान्याच्या व्हिस्कीची आहे, तिचा मिरीसारखा तिखटपणा वर्मूथच्या गोडीला आवर घालतो. बर्बन वापरायची तर वर्मूथ २५ मिलीवर आणा. शेकरमध्ये हलवू नका, गढूळ होतं आणि वर पोरकट फेस येतो. आणि वर्मूथ ही वाइन आहे, कपाटात व्हिस्कीशेजारी ठेवायची वस्तू नव्हे. फोडलेली बाटली फ्रीजमध्ये महिना-दीड महिना. लाईट जात राहणाऱ्या गावात त्याहून कमी. शेरीसारखा, सुकलेल्या सफरचंदासारखा वास आला की ती पिण्यातून बाद, मटणात ओता. लहान बाटली मिळत असेल तर तीच घ्या. वर्मूथऐवजी आपली गोड पोर्ट वाइन घालून बघितली जाते. त्यात वनस्पतींचा कडवटपणा नसतो, म्हणून २० मिलीच घाला आणि बिटर्सचा एक डॅश वाढवा. पिण्यासारखं होतं, पण त्याला मॅनहॅटन म्हणू नका.

रॉब रॉय म्हणजे स्कॉच घातलेलं मॅनहॅटन. बुलवार्डियेमध्ये कंपारी हे कडू लाल मद्य येतं, कारल्यावर प्रेम असणाऱ्यांसाठी. साझेरॅकला अ‍ॅब्सिंथ लागतं; त्या बडीशेपेच्या वासाच्या मद्यामागे या बेतात धावू नका. पेनिसिलिन नावाचं कॉकटेल मात्र तुमच्या तिसऱ्या बाटलीचं सोनं करतं. २००५ च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये सॅम रॉसने ते बसवलं, म्हणजे क्लासिकांत ते तसं तान्हंच. ६० मिली ब्लेंडेड व्हिस्की, २० मिली लिंबू, १५ मिली मध सात-आठ मिली कोमट पाण्यात सैल करून, आणि छोटा चमचाभर आल्याचा रस. हलवून मोठ्या बर्फावर गाळा आणि वर पीटेड मॉल्टचे पाच मिली चमच्याच्या पाठीवरून अलगद सोडा. ढवळू नका, धूर नाकाशीच राहिला पाहिजे. मूळ कृती स्कॉचची आहे. भारतीय ब्लेंडवरही उभी राहते, आल्या-मधाला हलकं अंग बाधत नाही.

हायबॉलला लोक सोडा-व्हिस्की म्हणून नाकं मुरडतात, पण नीट केलेला हायबॉल वेगळीच चीज असते. उंच ग्लास बर्फाने काठोकाठ भरा, ४५ मिली व्हिस्की घाला, ढवळून गार करा, वितळलेल्या बर्फाची जागा नव्या खड्याने भरा. मग फ्रीजमधला अगदी थंड सोडा १३५ मिली, ग्लासाच्या कडेने. चमचा तळाशी घालून एकदाच वर उचला, ढवळत बसलात तर वायू निघून जातो. कोमट सोडा ओतताक्षणी फसफसून मेला म्हणून समजा. बाटल्या लहान घ्या, दोन लिटरची बाटली तिसऱ्या ग्लासापर्यंत मरगळते. गोटी सोडा वापरणार असाल तर साधा मागा, गोड-लिंबू वाला नको.

यात कोकम घालायचं असेल तर आगळ आणि अमृत कोकम यांत घोळ घालू नका. आगळात भरपूर मीठ असतं. १५ मिली ओतलंत तर ग्लास ओतून द्यावा लागेल. अमृत कोकम १५ मिली, व्हिस्की ४५, लिंबू ५, सोडा १२०. मग आगळाचे फक्त चार-पाच थेंब. तेवढं मीठ कडूपणा दाबतं आणि कोकमाचा रंग, चव दोन्ही उघडतात. पाहुण्यांना सगळ्यात आधी हेच द्या.

मिंट जुलेपचीही आठवण ठेवा. केंटकी डर्बीची घोड्यांची शर्यत मे महिन्याच्या पहिल्या शनिवारी असते आणि तिथे हेच पितात. म्हणजे उकाड्यासाठीच घडलेलं पेय. ६० मिली बर्बन, १० ते १५ मिली पाक, पुदिन्याची आठ-दहा पानं. पानं खलबत्त्यात चटणीसारखी कुटू नका, कुटली की गवताचा कडू रस सुटतो; पाकात ठेवून चमच्याने नुसती दाबा. बर्फ मात्र जाड फडक्यात गुंडाळून वरवंट्याने चुरा. चुरा झपाट्याने वितळतो, पण इथे ते अपेक्षितच आहे, जुलेप तसं पातळ होत होतच प्यायचं असतं. चांदीच्या पेल्याचा थाट किनाऱ्यावर जमत नाही: धातूवर दव आणखी वेगाने धरतं आणि पेल्याखाली तळं साचतं.

ताटात काय आहे तेही बघा. मद्य तिखटाची आग वाढवतं, कमी करत नाही. मालवणी मसाल्याच्या कोळंबीबरोबर तीस टक्क्यांचं ओल्ड फॅशन्ड म्हणजे जिभेवर चटका. तळलेली सुरमई, बोंबील, कालवं यांच्याबरोबर हायबॉल किंवा सावर. लिंबू तर मासळीला हवंच असतं. वर्मूथची पेयं मासळीबरोबर नकोत, लाल वाइनसारखीच ती तोंडात गंजासारखी चव आणतात. ती जेवणाआधी, भाजलेल्या काजूंबरोबर. सोलकढी आली की कॉकटेल संपलं पाहिजे, दोन आंबट एकमेकांचं वाटोळं करतात.

किती द्यायचं? ६० मिलीच्या एका ग्लासात साधारण २० ग्रॅम मद्य जातं, मॅनहॅटनमध्ये २४ च्या आसपास. सावर आणि जुलेप सरबतासारखे उतरतात, म्हणून तिथेच माणसं फसतात. माणशी दोन, आणि मधे पाण्याचा तांब्या फिरत राहू दे. गाडी चालवणाऱ्याला कोकम सरबत. प्यायल्यावर समुद्रात कुणी उतरणार नाही, हे आधीच ठरवून ठेवा. मे अखेरीस पाणी खवळायला लागलेलं असतं.

आठ जणांचं गणित आदल्या दिवशी उरकता येतं. ओल्ड फॅशन्डसाठी ४८० मिली बर्बन, ६० मिली पाक, बिटर्सचे १६ डॅश आणि १२० मिली पिण्याचं पाणी एका स्वच्छ बाटलीत. पाणी आधीच घातल्यामुळे ढवळायचं कामच उरत नाही. फ्रीजरमध्ये दोन-तीन तास ठेवा. रात्रभर राहिलं तर कडेला बर्फाचा चिखल धरतो. माणशी ८० मिली, एक मोठा खडा, वर साल. इतक्या गार आणि आधीच पातळ केलेल्या पेयात बर्फ फारसा वितळत नाही, आणि पंधरा मिनिटं ते जसंच्या तसं राहतं. सावरचं फक्त व्हिस्की-पाक एकत्र करून ठेवा, ४८० आणि १६० मिली; लिंबू आयत्या वेळी, एका खेपेला दोनच ग्लास हलवा. चार ग्लास एकदम भरलेली बरणी गार होत नाही, हात मात्र दुखतो.

आणि त्याच आठवड्यात वळवाने झोडपलं, लाईट गेली, बर्फाचं पाणी झालं तर हॉट टॉडी. हा शब्द आपल्या ताडीवरून इंग्रजीत गेला, त्यामुळे ते आपल्याकडे परत येतंय असं समजायला हरकत नाही. ४५ मिली व्हिस्की (इथे ब्लेंडच बरी), एक चमचा मध किंवा गुळाचा पाक, १० मिली लिंबू, तीन लवंगा, दालचिनीचा तुकडा आणि १२० मिली गरम पाणी. पाणी उकळून तीन-चार मिनिटं बाजूला ठेवलेलं घ्या. खदखदतं ओतलं तर मद्याची वाफ नाकात चढते आणि पहिलाच घोट ठसका लावतो. व्हिस्की सगळ्यात शेवटी घाला. काचेचा ग्लास असेल तर आधी आत स्टीलचा चमचा उभा ठेवा आणि पाणी त्याच्यावर ओता, नाहीतर तळ तडकतो.